संगणकाच्या तारा आणि रेडिओलहरींचा उपद्रव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, नाट्यसंगीत आणि मराठी माणसाचे स्थलांतर अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्यांच्या पंगतीला तारा, प्लग आणि काळी फेराइटची कडी घेऊन बसण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. आम्ही म्हणजे मंडळाच्या ध्वनिव्यवस्थेची काळजी वाहणारे तिघे जण. व्यासपीठावर उभे एकालाच राहावयाचे असले तरी केलेले काम तिघांचे आहे. म्हणून बोलणेही 'आम्ही' असेच राहील.

विषय रुक्ष वाटला तरी तो आपल्या घरचाच आहे. या विषयापायी गेल्या वर्षी आपल्या मंडळात एक तंटा उभा राहिला, एक जुने स्नेहबंधन तुटता तुटता वाचले, आणि एका ध्वनिफितीवरील सतरा मिनिटे कायमची हरवली. ही हकीकत पुष्कळांनी अर्धवट ऐकली आहे. ती नीट सांगावी, आणि तिच्यातून आपल्या घरातील संगणकालाही उपयोगी पडेल असे चार शब्द हाती द्यावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

मंडळाच्या कार्यालयातील पोलादी कपाटात सुमारे चाळीस मोठी रिळे आणि दीडशेच्या आसपास कॅसेटी होत्या. स्थापनेच्या वर्षातील अध्यक्षीय भाषण, गणेशोत्सवात सभासदांनी केलेली नाटके, मंगळागौरीचे खेळ, भोंडल्याची गाणी, कोजागिरीच्या मैफली असा पन्नास वर्षांचा ऐवज त्यांत होता. त्यांत कोणाच्या आजीचा आवाज आहे, कोणाच्या वडिलांचा आहे. परमुलखात मराठी बोलणारी चार घरे प्रथम एकत्र आली त्या दिवसांचा आवाज आहे. तो संगणकात उतरवून घ्यावा असे कार्यकारिणीने ठरविले आणि काम आमच्याकडे सोपविले.

त्या काळच्या काही फितींचे एक दुखणे असते. फितीवरील चुंबकीय भुकटी ज्या डिंकासारख्या द्रव्याने धरून ठेवलेली असते ते द्रव्य हवेतील ओल शोषून घेते, चिकट होते आणि फीत वाजविताना खपल्या सुटू लागतात. अशी फीत कदाचित एकदाच नीट वाजेल. दुसऱ्या वेळी तिच्यावर काही उरेलच असे नाही. म्हणून प्रत्येक रीळ लावताना आमच्या मनावर दडपण असे.

काम सुरू झाले आणि चमत्कार दिसू लागले. मधेच संगणक म्हणे, जोडलेले यंत्र सापडत नाही. आवाज संगणकात नेणारी पेटी यूएसबी केबलने जोडलेली होती. ती क्षणभर बेपत्ता होई आणि ध्वनिमुद्रण तुटे. कधी ध्वनीत गुरगुर शिरे. कधी कोणी हात न लावता कीबोर्ड एकच अक्षर ओळभर उमटवीत राही. कोणी म्हणाले, विषाणू शिरला आहे. आम्ही संगणक पुसून नवा केला. कोणी म्हणाले, पेटी सदोष आहे. आम्ही पेटी बदलली. उपद्रव तसाच राहिला. अशाच एका रविवारी महिला शाखेच्या पहिल्या नाटकाचे रीळ लावलेले असताना सतरा मिनिटे कोरी गेली. रीळ मागे फिरवून पुन्हा लावले, तोवर खपल्या सुटल्या होत्या. ती सतरा मिनिटे मिळाली नाहीत. त्या नाटकात काम केलेल्या दोघी आज हयात नाहीत.

नंतर आमच्यापैकी एकाच्या ध्यानात आले की हा प्रकार मुख्यतः रविवारी सकाळी होतो, आणि ती गुरगुर माणसाच्या बोलण्याच्या लयीत चढते-उतरते. मंडळाच्या इमारतीला लागून असलेल्या घरात आपले एक ज्येष्ठ सभासद राहतात. सारे मंडळ त्यांना काका म्हणते. ते परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्याला हॅम म्हणतात ते आहेत. त्यांच्या एरियलचे एक टोक मंडळाच्या गच्चीवरील खांबाला पूर्वीच्या कार्यकारिणीच्या संमतीनेच बांधलेले आहे. रविवारी सकाळी ते ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० वॅट शक्तीने आपल्या मित्रांशी बोलतात. त्यांचे बोलणे आणि आमची गुरगुर यांची वेळ तंतोतंत जुळली.

पुढच्या सभेत एरियल उतरवावे असा ठराव मांडला गेला. बोलणी तिखट झाली. सतरा मिनिटांचे दुःख ताजे होते. काका शांतपणे एवढेच म्हणाले की, गेली तीन वर्षे मंडळाच्या सभागृहातील दिवे आणि पडद्यावर चित्र पाडणारा प्रक्षेपक लागला की माझ्या रेडिओत इतकी खरखर होते की दूरचे स्थानक ऐकूच येत नाही. मंडळ आपलेच म्हणून मी तक्रार केली नाही.

त्यांच्या एरियलचे मोल केवळ करमणुकीचे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअर येथे होते. नेहमीची संपर्कसाधने बंद पडली असताना त्यांनी आपल्या यंत्रांवरून अंदमानातील माणसांचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचविले. त्या दिवसांत काकाही याच एरियलला कान लावून रात्रीच्या रात्री बसत. असे साधन गच्चीवरून उतरविण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे पाहावे, असे आम्ही सभेला विनविले आणि दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

आता थोडे शास्त्र. अशा प्रत्येक तंट्यात तीन पक्ष असतात : उगम, वाट आणि बळी. उगम म्हणजे लहरी निर्माण करणारे यंत्र. बळी म्हणजे बिघडणारे यंत्र. आणि वाट म्हणजे बहुतेक वेळा एखादी साधी तार. संगणकाची पेटी स्वतः लहान असते. तिच्या पोर्टांना लावलेल्या केबली मात्र लांब असतात, आणि लांब तार ही एरियलच होय, मग ती आपण कोणत्याही हेतूने लावलेली असो.

किती लांब तार घातक, याचा हिशेब सोपा आहे. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ मीटरांची. तिचा चतुर्थांश पावणेअकरा मीटरांच्या आसपास. पाव किंवा अर्ध्या लहरीएवढी तार त्या लहरीला विशेष उत्साहाने साद देते. आमच्या टेबलापासून छतावरील प्रक्षेपकापर्यंत गेलेली एचडीएमआय केबल जवळजवळ तेवढीच भरली! नकळत आम्ही काकांच्या लहरींसाठी उत्तम एरियल छताला टांगून ठेवले होते. हातातील वॉकीटॉकीसारखी यंत्रे जेथे चालतात त्या १४४ मेगाहर्ट्झला हाच पाव भाग अवघा अर्धा मीटर होतो. तेथे कीबोर्डची आखूड तारही पुरते.

परंतु केबलीतून तर संगणकाची माहिती वाहत असते. मग उपरी लहर तिच्यात कशी मिसळते? येथे दोन प्रकारचे प्रवाह वेगळे ओळखले पाहिजेत. रहाटावर एक पोहरा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. दोघांचे मिळून काम चालते. यूएसबी केबलीतील माहितीच्या दोन तारा अशाच असतात. एकीतून प्रवाह जातो तेव्हा दुसरीतून तेवढाच परत येतो. त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने बाहेरची लहर दोघींवर सारखाच परिणाम करते, आणि घेणारे यंत्र दोघींमधील फरकच तेवढा पाहत असल्याने तो परिणाम पुष्कळसा वजा होतो. पण बाहेरून आलेली लहर साऱ्या केबलीवर, तिच्या आवरणासकट, एकाच दिशेने प्रवाह वाहविते. म्हणजे पोहरे नव्हे, सारा रहाटच हलतो. याला समाईक प्रवाह म्हणू. उपद्रवाचे मूळ बहुतेक वेळा या समाईक प्रवाहात असते.

हा प्रवाह केबलीच्या बाहेरच्या जाळीवरून वाहत यंत्रापर्यंत येतो. जाळी जर यंत्राच्या धातूच्या पेटीला सर्व बाजूंनी घट्ट टेकलेली असेल, तर तो पेटीच्या बाहेरील पृष्ठावरूनच निघून जातो आणि आतील मंडलाला त्याची वार्ताही लागत नाही. पण स्वस्त केबलीत जाळी गोलाकार न जोडता तिचा एक शेपटीसारखा पीळ करून तो टाचलेला असतो, आणि प्लॅस्टिकच्या पेटीत ती जाळी थेट आतील पट्टीवरच्या भूसंपर्काला जोडलेली असते. घराच्या पन्हळीचे पाणी भिंतीबाहेर सोडण्याऐवजी माजघरात सोडावे तसे हे होते. ध्वनियंत्रांतील हा दोष नील मन्सी या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने १९९५ च्या सुमारास स्पष्टपणे मांडला, आणि तेव्हापासून तो 'पिन एक'चा प्रश्न म्हणून ओळखला जातो. कारण माइकच्या तीन टोकी जोडणीत जाळी पहिल्या टोकाला असते.

एकदा माजघरात शिरलेली लहर आतल्या ट्रान्झिस्टरांवर आदळते. ट्रान्झिस्टरच्या सांध्याचा धर्म असा की तो प्रवाहाला एका दिशेने अधिक वाट देतो. त्यामुळे सात दशलक्ष कंपनांची लहर तेथे चाळली जाते आणि तिच्यावर स्वार झालेली बोलण्याची चढउतार तेवढी मागे उरते. तीच आमची गुरगुर. संगणकाच्या बाबतीत ही लहर शून्य आणि एक यांच्या सीमेवर धक्के देते. मग यंत्र बेपत्ता होते किंवा कीबोर्डला भूतबाधा होते.

हीच वाट उलटही चालते. संगणकातील घड्याळाचे ठोके आणि दिव्यांच्या अडॅप्टरांतील वेगाने उघडझाप करणारी मंडले त्याच तारांतून बाहेर पडतात आणि काकांच्या रेडिओत खरखर करतात. म्हणजे एकच तार आम्हा दोघांच्या तक्रारीची वाहक होती.

आम्ही शोध कसा घेतला ते सांगतो, कारण ही रीत घरीही उपयोगी आहे. प्रथम संगणकाला केवळ बॅटरीवर ठेवून बाकी सर्व केबली काढल्या आणि काकांना दूरध्वनीवरून सांगितले की आता बोला. संगणक निर्धास्त राहिला. मग एकेक केबल लावीत गेलो आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद केली. प्रक्षेपकाची केबल लावताच कीबोर्ड बिघडला. ध्वनिपेटीची पाच मीटरांची यूएसबी केबल लावताच गुरगुर आली. उलट दिशेच्या शोधासाठी आम्ही बॅटरीवर चालणारा साधा मध्यम लहरींचा रेडिओ घेऊन सभागृहभर फिरलो. स्थानक नसलेल्या जागी काटा ठेवला आणि जेथे खरखर वाढली तेथे थांबलो. छतावरील दिव्यांचे दोन अडॅप्टर आणि प्रक्षेपकाची तीच केबल, असे गुन्हेगार सापडले. आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल : रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर पोहोचणारे पुणे-मुंबई केंद्राचे मराठी शब्द आपण येथे अशाच रेडिओवर कान लावून ऐकत होतो. तोच रेडिओ आज वैद्याच्या नळीसारखा कामी आला.

आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे केबल आखूड करणे. ध्वनिपेटी संगणकाशेजारी आणली आणि पाच मीटरांची केबल काढून दोन मीटरांची, चांगल्या जाळीची घातली. ध्वनी दूर न्यावयाचा असेल तर तो यूएसबीने न नेता पिळलेल्या जोडतारेच्या संतुलित माइक केबलीने न्यावा.

दुसरा उपाय काळ्या कड्यांचा. फेराइट हे लोखंडाच्या ऑक्साइडात मँगेनीज, जस्त किंवा निकेल यांची ऑक्साइडे मिसळून भट्टीत भाजलेले, मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ द्रव्य आहे. १९३० साली टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी ते शोधले. साऱ्या केबलीभोवती असे कडे घातले की माहितीचे जाणारे-येणारे प्रवाह एकमेकांचे चुंबकीय क्षेत्र पुसून टाकतात आणि कड्याला त्यांचा पत्ताच लागत नाही. समाईक प्रवाहाला मात्र ते अडविते आणि त्याची शक्ती किंचित उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकते. सज्जनाला वाट आणि आगंतुकाला अडसर, असा हा द्वारपाल आहे.

मात्र येथे दोन चुका सर्रास होतात, आणि आम्हीही त्या केल्या. बाजारात मिळणारी, टिचकीने बंद होणारी पुष्कळशी कडी ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी असतात, कारण यंत्रातून हवेत पसरणाऱ्या लहरींच्या मर्यादा नियमांनी तेथूनच घातलेल्या आहेत. ७ मेगाहर्ट्झला ती फारशी कामाची नाहीत. खालच्या पट्ट्याला मँगेनीज-जस्ताचे फेराइट घ्यावे. वरच्या पट्ट्याला निकेल-जस्ताचे. दुसरी चूक म्हणजे केबल एकदाच आरपार घालून स्वस्थ बसणे. अवरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका वेढ्याचा अवरोध एक मानला तर पाच वेढ्यांचा पंचवीस आणि दहा वेढ्यांचा शंभर. त्यालाही सीमा आहे; वेढे फार झाले की ते आपसांत लहर पलीकडे पोहोचवू लागतात, म्हणून वाढ प्रयोगाने थांबवावी.

आम्ही ६१ मिलिमीटर बाह्य व्यासाची, मँगेनीज-जस्ताची मोठी कडी मागविली. आतील भोक सुमारे ३५ मिलिमीटरांचे असल्याने प्लग सहज ओवता येतो. ध्वनिपेटीच्या यूएसबी केबलीला दहा वेढे दिले. त्याला पाऊण मीटरभर केबल पुरली. एचडीएमआय केबल जाड असते आणि तिला घट्ट वाकविणे बरे नव्हे. म्हणून दोन कडी एकावर एक ठेवून पाच सैल वेढे दिले. कडे केबलीच्या मध्यावर न ठेवता बळी ठरणाऱ्या यंत्राच्या पोर्टाजवळ ठेवावे, नाहीतर कडे आणि यंत्र यांमधला तुकडाच नवे एरियल होतो. आणि एकच केबल बांधून भागत नाही. पाण्याला एक मोरी बंद केली तर ते दुसरीने येते. वीजपुरवठ्याची तारही केबलच आहे, हे विसरू नये.

काकांनीही आपली बाजू तपासली आणि मोठ्या मनाने मान्य केले की निम्मा दोष त्यांच्याकडे होता. एरियलला शक्ती नेणाऱ्या त्यांच्या केबलीच्या बाहेरच्या पृष्ठावरूनही समाईक प्रवाह खाली उतरत होता आणि इमारतीच्या तारांत शिरत होता. एरियलच्या मध्यापाशी त्यांनी ती केबल अशाच कड्यांवर गुंडाळून चोक तयार केला आणि एरियलचे जवळचे टोक सभागृहापासून दूर नेले. दूर नेण्याचे महत्त्व असे : निव्वळ शक्ती कमी करून लहरीचा जोर निम्मा करावयाचा तर १०० वॅटांचे २५ करावे लागतात, अंतर दुप्पट केले तर साधारण तेवढाच लाभ फुकट मिळतो. मंडळाने आपल्याकडून दिव्यांचे ते दोन अडॅप्टर बदलले.

एका गोष्टीविषयी मात्र कळकळीचा इशारा देतो. ध्वनिव्यवस्थेतील गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनी प्लगाची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याची वाईट खोड सर्वत्र दिसते. असे कदापि करू नये. ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे. आम्ही उलट सर्व यंत्रे एकाच फळीवरील, एकाच अर्थिंगच्या सॉकेटांवर आणली. त्यामुळे गुणगुणही गेली आणि धोकाही टळला.

याच कामात एक वेगळा उपद्रवही भेटला. काकांचा रेडिओ बंद असतानाही बिनतारी कीबोर्ड अडखळे. त्याचे कारण शेजारी लावलेली साठवणुकीची नवी डिस्क निघाली. यूएसबीच्या तिसऱ्या पिढीत सेकंदाला पाच अब्ज ठोक्यांनी माहिती वाहते आणि तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो; बिनतारी कीबोर्ड आणि माऊस बहुधा त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेल कंपनीने २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केले आहे. येथे आमची मोठी कडी निरुपयोगी. कीबोर्डचा छोटा ग्राहक मीटरभर जोडकेबलीने डिस्कपासून दूर नेला आणि प्रश्न मिटला. रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हे येथे पुन्हा पटले.

हा उपद्रव आजचा नाही. एप्रिल १९७५ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह डॉम्पियर या तरुणाने आल्टेअर नावाच्या नव्या संगणकाशेजारी साधा रेडिओ ठेवला, आणि संगणकाच्या तारांतून निसटणाऱ्या लहरींनाच सुरांत बांधून मित्रमंडळींना गाणे ऐकविले. तेव्हा टाळ्या पडल्या. पण घरोघर संगणक आले तसे शेजाऱ्यांचे दूरदर्शन संच बिघडू लागले. १९७९ मध्ये अमेरिकेने संगणकांच्या लहरींवर मर्यादा घातल्या आणि १९८५ मध्ये माहितीयंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मुंबईत पवईला मुख्य ठाणे असलेली समीर ही संस्था १९८४ पासून सूक्ष्मलहरींच्या क्षेत्रात काम करते. तिच्या चेन्नई केंद्रात यंत्रांची या दृष्टीने परीक्षा होते.

आणि या विद्येचे सर्वांत सुंदर क्षेत्र आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तेथे आकाशगंगांचे क्षीण बोल ऐकत असतात. ते बोल इतके क्षीण की दुर्बिणीचे स्वतःचे संगणकच तिला बहिरी करू शकतील. म्हणून तेथे ती यंत्रे धातूने मढविलेल्या बंदिस्त खोल्यांत ठेवावी लागतात आणि थाळ्यांचे संदेश प्रकाशतंतूंनी आणले जातात. काचेच्या तंतूला रेडिओलहर चिकटत नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना ही जागा अवश्य दाखवा. तेथील नियमाप्रमाणे मोबाइल बंद करताना मुलांनी का म्हणून विचारले, तर आजच्या भाषणाचा उपयोग होईल.

घरी गेल्यावर उपयोगी पडावे म्हणून सार सांगतो. एक, उपद्रव केव्हा होतो त्याची वहीत नोंद करा. दोन, सर्व केबली काढून एकेक लावा. तीन, केबल हवी तेवढीच लांब ठेवा. उरलेली केबल पसरू देऊ नका. चार, चांगल्या जाळीची केबल वापरा. पाच, कंप्रतेला साजेसे फेराइट घेऊन त्यावर वेढे द्या आणि ते पोर्टाजवळ ठेवा. सहा, दूरच्या जोडणीला प्रकाशतंतू किंवा पिळलेली जोडतार वापरा. सात, अर्थिंग कधीही तोडू नका. आणि आठ, शेजाऱ्याशी बोला. हे आठवे कलम शेवटी आले तरी आम्ही ते पहिले पाळावयास हवे होते. आम्ही जर तीन महिने आधी काकांच्या दारात गेलो असतो, तर ती सतरा मिनिटे आज आपल्यापाशी असती.

मुदत संपली त्या रविवारी काका पूर्ण १०० वॅटांनी बोलत होते आणि इकडे रीळ फिरत होते. ध्वनीत गुरगुर नव्हती, कीबोर्ड शहाण्यासारखा वागत होता. तिकडे काकांनीही सांगितले की खरखर उतरली. ठराव मागे घेतला गेला आणि उरलेली सर्व रिळे उतरवून झाली.

त्यांपैकी एका रिळाविषयी सांगून थांबतो. मंडळाच्या आरंभीच्या एका वर्धापनदिनाच्या त्या रिळावर अध्यक्षांच्या भाषणामागे मंद टकटक ऐकू येते. आम्हाला वाटले, फीत खराब आहे. काकांना ऐकविली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, कागदावर एकेक अक्षर लिहिले आणि ते हसू लागले. ती मोर्सच्या संकेतांतील त्यांचीच हाक होती. ऐन पंचविशीत, या शहरात नवे आलेले असताना, शेजारच्या खोलीतून ते कोणी ऐकत आहे का म्हणून साद घालीत होते, आणि त्यांची लहर मंडळाच्या ध्वनिमुद्रण यंत्रात त्याच रीतीने शिरली होती. त्या वेळी कोणी ठराव मांडला नव्हता.

ती टकटक संगणकाने पुसून टाकता येईल. आम्ही कार्यकारिणीला विचारले. सर्वांनी एकमताने सांगितले की राहू द्या. ती तशीच ठेवली आहे.